विद्यापीठाच्या आधीची विद्यार्थीसभा : एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’चा विचार

प्रस्तावना

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना कायदा, कुलगुरू, इमारती, अभ्यासक्रम आणि निकाल या क्रमाने जाण्याची आपल्याकडे रीत आहे. कोणताही सुवर्णमहोत्सवी ग्रंथ चाळावा. विद्यार्थ्यांचे जीवन त्यात शेवटच्या प्रकरणात, फिरत्या ढाली आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे यांच्या सोबतीने येते. जणू आधी विद्यापीठ स्थापन झाले, मग त्यात विद्यार्थी आले, आणि अभ्यासातून उरलेल्या वेळात त्यांनी काही उपक्रम केले. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तसे करण्याचे कारण साधे आहे. मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर प्रत्यक्ष कालक्रमच उलटा आहे. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी संमत झाला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा मात्र जून १८४८ मध्येच सुरू झाली होती. म्हणजे ज्यास आज आपण अभ्यासपूरक उपक्रम म्हणतो, ती गोष्ट या प्रांतात विद्यापीठाहून नऊ वर्षांनी वडील आहे.

‘अभ्यासपूरक’ आणि ‘अभ्यासेतर’ या दोन शब्दांविषयी येथेच थोडे सांगणे आवश्यक वाटते. महाविद्यालयीन कागदपत्रांत हे दोन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. पहिल्या शब्दात उपक्रम अभ्यासाचा मदतनीस आहे, दुसऱ्यात तो अभ्यासाच्या कुंपणाबाहेरचा आहे. दोन्ही शब्द अभ्यासक्रम मध्यभागी आहे असे गृहीत धरतात. १८४८ च्या सभेला यांपैकी कोणता शब्द लावावा, असा प्रश्न केला तर उत्तर देता येत नाही. कारण त्या सभेने पुढे जे केले ते त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हते आणि त्या अभ्यासक्रमाशिवाय ते शक्यही नव्हते.

सभेची पार्श्वभूमी

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नरपद सोडले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ निधी जमा करण्यात आला व त्यातून अध्यापकपदांची योजना झाली. १८३५ च्या सुमारास ऑर्लेबार आणि हार्कनेस हे प्राध्यापक मुंबईत आले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे तेथील पहिले एतद्देशीय साहाय्यक प्राध्यापक होत. १८४० मध्ये ‘नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’च्या शाळा व एल्फिन्स्टन वर्ग एकत्र करण्यात आले आणि शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. बाळशास्त्री १८४६ मध्ये अकाली निवर्तले. त्यांच्या हाताखालून गेलेली वा त्यांच्या प्रभावात वाढलेली तरुण पिढी मात्र त्याच वेळी वयात येत होती. दादाभाई नौरोजी हे त्या पिढीतील सर्वांत ठळक नाव. सभा स्थापन झाली तेव्हा दादाभाई बावीस वर्षांचे होते व त्यांचे स्वतःचे शिक्षण पूर्ण झालेले होते.

या तपशिलाकडे सहसा दुर्लक्ष होते. ‘विद्यार्थ्यांची सभा’ असे म्हटले की आजच्या अर्थाने पटावरील विद्यार्थी डोळ्यांसमोर येतात. एल्फिन्स्टनमधील सभेत वरच्या वर्गांतील विद्यार्थी, नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण आणि त्याच संस्थेत नव्याने शिकवू लागलेले साहाय्यक शिक्षक असे सर्वच होते. जोसेफ पॅटन हे इंग्रज प्राध्यापक सभेच्या पाठीशी उभे होते. विद्यार्थी कोण व शिक्षक कोण, ही रेषा तेव्हा पुसट होती. सभेच्या टिकाऊपणाचे एक कारण या पुसटपणात आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. दर तीन वर्षांनी सर्व कार्यकर्ते बाहेर पडतात आणि मंडळ पुन्हा शून्यापासून सुरू होते, हा आजच्या प्रत्येक वाङ्मय मंडळाचा अनुभव आहे. तो त्या सभेला आला नाही. तिचे सभासद शिकून गेले तरी सभेतून गेले नाहीत.

दोन वादांच्या सावलीत ही सभा जन्मली. पहिला वाद धर्मांतराचा. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि मुंबईतील पारशी समाज हादरला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत स्वधर्मात घेण्याच्या प्रश्नावरून ब्राह्मण समाजात मोठी फूट पडली आणि बाळशास्त्रींनी श्रीपतच्या बाजूने उभे राहून रोष पत्करला. इंग्रजी शाळेत गेलेला मुलगा घरचा राहील की नाही, ही त्या काळातील पालकांची चिंता काल्पनिक नव्हती. सभेच्या कामकाजातून धर्म व राज्यकारभार हे विषय वगळण्यात आले होते, त्यामागे सरकारची मर्जी सांभाळण्याचा भाग असेलच. पण घराघरांतील ही धास्तीही तितकीच कारणीभूत होती. मुलांना सभेत येऊ द्यायचे तर वडीलधाऱ्यांना तेवढी हमी द्यावी लागत होती.

दुसरा वाद भाषेचा. बोर्डाचे अध्यक्ष सर एर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे याकडे होता. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा झगडा बोर्डात चालला होता आणि त्याचा निकाल हळूहळू इंग्रजीच्या बाजूने झुकत होता.

सभा आणि तिच्या शाखा

अशा वेळी विद्यार्थ्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. मूळ सभेचे कामकाज इंग्रजीत चाले. निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा व्हावी, साहित्य व शास्त्र या विषयांची गोडी वाढावी, हा तिचा हेतू. पण त्याच वर्षी सभेला मराठी आणि गुजराती अशा शाखा फुटल्या. मराठी शाखा ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ या नावाने ओळखली जाते. तिचे पहिले अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे होते. पारशी मंडळींची गुजराती शाखा ‘ज्ञानप्रसारक मंडळी’ म्हणून नावारूपास आली. गुजराती हिंदू तरुणांची ‘बुद्धिवर्धक सभा’ १८५१ मध्ये उभी राहिली आणि कवी नर्मद याच वातावरणात घडला.

बोर्डात ज्या प्रश्नावर मतभेद शमत नव्हते, तो प्रश्न विद्यार्थ्यांनी आपल्या परीने सोडवून टाकला, असे म्हणण्यास हरकत नाही. इंग्रजीत शिकायचे आणि शिकलेले आपल्या भाषेत आपल्या माणसांना सांगायचे. शाखांमधील व्याख्याने केवळ सभासदांसाठी नव्हती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या दुकानदाराने आणि कारागिरानेही ती ऐकावीत अशी अपेक्षा होती. भौतिकशास्त्र, रसायन, खगोल, इतिहास हे विषय त्यांत असत. वर्गात घेतलेले ज्ञान वर्गाबाहेर मराठीत मांडताना शब्द घडवावे लागतात. त्या शब्दांची काही निशाणी ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकात दिसते. हे मासिक १८५० मध्ये सुरू झाले आणि १८६७ पर्यंत चालले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याला स्वतंत्र स्थान आहे. परंतु ते मुळात एका विद्यार्थीसभेच्या शाखेचे अपत्य आहे, हा धागा वाङ्मयेतिहासात फारसा ठळकपणे येत नाही. सतरा वर्षे चाललेले विद्यार्थी-नियतकालिक आज कोणत्या महाविद्यालयाकडे आहे, असा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही. आपले वार्षिक अंक नियमित निघतात हे खरे. ते वाचले जातात का, हा वेगळा विषय.

डॉ. भाऊ दाजी लाड यांचा उल्लेख येथे करावयास हवा. एल्फिन्स्टनमध्ये शिकून ते १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि १८५१ मध्ये तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत होते. बालकन्याहत्येवरील त्यांच्या निबंधाला विद्यार्थिदशेतच पारितोषिक मिळाले होते. पुढे ते या सभेचे पहिले एतद्देशीय अध्यक्ष झाले. निबंधस्पर्धेतील पारितोषिकापासून प्राच्यविद्येतील संशोधनापर्यंत आणि दवाखान्यापासून संग्रहालयापर्यंतचा त्यांचा प्रवास पाहिला म्हणजे विद्यार्थिदशेतील लेखनाची सवय कोठपर्यंत नेऊ शकते, याची कल्पना येते.

निबंधाकडून शाळेकडे

सभेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष १८४९ होय. त्या वर्षी बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंध वाचला गेला, चर्चा झाली, टाळ्याही पडल्या असतील. एरवी गोष्ट येथे संपते. आपल्या परिसंवादांत ती बहुतेक येथेच संपते. परंतु प्रा. पॅटन यांनी सभासदांना बोलण्यापलीकडे जाऊन काही करून दाखवा असे सुचविले, आणि मंडळींनी ते मनावर घेतले. ऑक्टोबर १८४९ मध्ये सभासदांनी मुंबईत मुलींचे वर्ग सुरू केले. आरंभी त्यांत ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. शिकवणारे सभासदच. आपापला अभ्यास वा नोकरी सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळात, बिनपगारी.

अडुसष्ट हा आकडा लहान वाटेल. तो लहानच होता. पण आपण ज्या वस्तीत जात आहोत तिची घडी त्या तरुणांना पूर्ण माहीत होती. मुली मिळवण्यासाठी घरोघर हिंडावे लागले. दादाभाईंच्या चरित्रात या फेऱ्यांची हकीकत येते : काही घरांत आदराने बसवले गेले, तर काही घरांतून जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी ऐकावी लागली. वर्गासाठी जागा हवी होती, तीही सहज मिळणारी नव्हती. जगन्नाथ शंकरशेट यांनी या कामी स्वतःची जागा व पैसा दिला. पारशी समाजातील कामा कुटुंबाने द्रव्यसाहाय्य केले, त्यामुळे पगारी शिक्षक नेमता आले आणि स्वयंसेवकांवरचा भार कमी झाला. पुढे काही वर्षांनी पारशी मुलींच्या शाळा स्वतंत्र मंडळाकडे गेल्या; मराठी व गुजराती शाळा सभेकडे राहिल्या.

येथे एका गोष्टीची दखल घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. मुंबईत मुलींची शाळा ही कल्पना विद्यार्थ्यांनी प्रथम आणली असे नव्हे. अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती. परंतु मिशनच्या शाळेत मुलगी पाठवणे म्हणजे काय, याविषयीची भीती वर आलेलीच आहे. त्या भीतीला उत्तर म्हणून ‘आपल्याच मुलांनी’ काढलेली शाळा उपयोगी पडली. पालकांना शिकवणारा तरुण अमक्याचा मुलगा, तमक्याचा पुतण्या म्हणून माहीत होता. समाजकार्यातील विद्यार्थ्याची खरी ताकद त्याच्या ज्ञानाइतकीच त्याच्या या ओळखीत असते. शिबिरासाठी तीस किलोमीटर दूरचे गाव निवडताना आपण हे विसरतो की काय, अशी शंका येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मुंबईत सभा भरत होती त्याच १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते. वयाने ते सभेच्या सभासदांचेच सोबती. दोन्ही ठिकाणी शिकलेले तरुण मुलींना शिकवू पाहत होते, परंतु त्यांच्या दृष्टीत अंतर होते. सभेचे सभासद प्रामुख्याने पारशी आणि उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांतील होते, आणि त्यांच्या शाळांतील मुलीही बहुतांशी त्याच थरांतील. फुल्यांच्या शाळांचे दार शूद्रातिशूद्रांना उघडे होते. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. विद्यार्थिनीने लिहिलेला, अस्पृश्यतेचा प्रश्न थेट मांडणारा आणि धर्माला जाब विचारणारा हा निबंध होता. ज्या सभेत धर्म हा विषयच वर्ज्य होता, तेथे असा निबंध वाचला जाणे शक्य नव्हते.

विद्यार्थी-निबंधाची आपली परंपरा कोठून सुरू झाली असे विचारले तर अभ्यासक एल्फिन्स्टनकडे बोट दाखवतात. मुक्तेचा निबंध त्या परंपरेत मोजला जात नाही. तो दलित साहित्याच्या वा स्त्रीलेखनाच्या प्रकरणात जातो. दोन्ही ठिकाणी त्याचे स्थान योग्यच आहे. परंतु ती चौदा-पंधरा वर्षांची मुलगी शाळेत शिकत होती, आणि शाळेने तिला लिहू दिले म्हणून तिने लिहिले, हे विद्यार्थीजीवनाच्या इतिहासात आले पाहिजे. पुढल्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. वर्गातच प्रवेश नसलेल्यांना सभेत प्रवेश कोठून असणार? सभेची थोरवी सांगताना तिची ही मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही.

विद्यापीठ आले

१८५७ चे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर होते. ते शिकवत नसे, परीक्षा घेई. विद्यार्थी महाविद्यालयाचा, विद्यापीठाचा तो केवळ परीक्षार्थी. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेस १३२ उमेदवार बसले व २२ उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत या दोघांबरोबर वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे होते.

या आकड्यांचा विद्यार्थीजीवनावर परिणाम झाला. १८४८ च्या तरुणाजवळ पदवी नव्हती. त्याची प्रतिष्ठा सभेतील निबंधावर, मासिकातील लेखावर आणि शाळेतील कामावर अवलंबून होती. १८६२ नंतरच्या तरुणाला पदवी नावाचे स्वतंत्र, मोजता येण्याजोगे, सरकारी नोकरीशी बांधलेले भूषण मिळाले. सभा बंद पडली नाही, तिच्या शाळाही चालू राहिल्या. परंतु विद्यार्थ्याच्या दिवसातील केंद्र सरकले. ‘अभ्यास’ आणि ‘इतर’ ही विभागणी येथून सुरू झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या संस्थेचे काम परीक्षा घेणे एवढेच आहे, तिच्या दृष्टीने परीक्षेत न येणारी प्रत्येक गोष्ट ‘इतर’च ठरणार.

रानड्यांच्या चरित्रांत येणारी एक घटना या संदर्भात बोलकी आहे. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांच्यासाठी लिहिलेल्या एका निबंधात रानड्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांच्या बाजूने मत दिले. ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखून धरली. ग्रँट हे विद्वान आणि विद्यार्थ्यांविषयी आस्था असणारे गृहस्थ होते. रानड्यांनीही पुढे त्यांच्याविषयी आदरच बाळगला. तरी निबंध लिहिण्याचे स्वातंत्र्य कोठे संपते, हे त्या सहा महिन्यांनी सांगितले.

स्त्रियांच्या बाबतीत तर विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या बरेच मागे राहिले. सभेच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींना अक्षरओळख करून दिली. विद्यापीठाच्या पदवीपर्यंत स्त्री पोहोचण्यास १८८० चे दशक उजाडावे लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. मधली तीस-पस्तीस वर्षे हे अंतर केवळ सामाजिक मागासलेपणाचे नव्हते. नियमावलीत जी व्यक्ती गृहीतच धरलेली नाही तिच्यासाठी दार उघडायला संस्थेला किती वेळ लागतो, त्याचेही ते माप आहे.

परवानगी आणि बंदी

विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर यांना फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांनी दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढले. त्याच महिन्यात बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली; १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने तो विचार देशभर नेला. परांजपे हे बुद्धिवादी, उदारमतवादी शिक्षणतज्ज्ञ. त्यांना परकीय सत्तेचे हस्तक ठरवणे हा अन्याय होईल. सरकारी अनुदानावर चालणारी संस्था सांभाळायची आणि त्याच संस्थेच्या वसतिगृहात पेटलेली मने सांभाळायची, ही कसरत त्यांना करावी लागली. परंतु १८४८ च्या सभेने स्वतःहून ‘राज्यकारभार नको’ असे ठरवले होते, आणि आता तेच वरून सांगितले जात होते. नियमाचे शब्द तेच राहिले, नियम करणारा हात बदलला.

यानंतरचा इतिहास बहुतांशी योजनांचा इतिहास आहे. १९१७ मध्ये विद्यापीठांतून सैनिकी पथके सुरू झाली. १९४८ च्या कायद्याने त्यांच्या जागी राष्ट्रीय छात्रसेना आली. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन आयोगाने, चिं. द. देशमुख समितीने आणि १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा विचार केला. त्यातून २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांसह सुरू झाली. गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष होते. या योजनेने असंख्य विद्यार्थ्यांना प्रथमच खेडे दाखवले, काहींना त्यांचेच खेडे नव्याने दाखवले. तिचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही.

योजनेच्या बाहेरूनही काही उभे राहिले, त्यांत साताऱ्याचे उदाहरण आपणा सर्वांच्या जवळचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहापासून सुरू केलेली स्वावलंबनाची कल्पना १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजपर्यंत नेली आणि ‘कमवा व शिका’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या शैक्षणिक व्यवहारात रूढ केला. तेथे शेतात काम करणे हा अभ्यासेतर उपक्रम नव्हता. त्याशिवाय अभ्यासच शक्य नव्हता. एल्फिन्स्टनच्या सभेत ज्यांना जागा नव्हती, त्यांच्या नातवंडांसाठी ही व्यवस्था होती. विद्यार्थीजीवनाच्या इतिहासात या दोन टोकांना जोडणारी रेषा काढण्याचे काम अद्याप व्हायचे आहे.

विद्यार्थी-प्रतिनिधित्वाची कथा थोडक्यात अशी. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारानंतर १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकीऐवजी गुणवत्तेच्या आधारावर विद्यार्थी परिषद गठित करण्याची पद्धत आणली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. त्याच कायद्यात विद्यार्थी कल्याण मंडळाचे नाव ‘विद्यार्थी विकास मंडळ’ झाले. कल्याण असो वा विकास, दोन्ही शब्दांत विद्यार्थी कर्म आहे, कर्ता नाही. व्याकरणकार दादोबा असते तर त्यांनी हे नेमके हेरले असते.

मोजमापाचा काळ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अभ्यासपूरक व विस्तारकार्य शिक्षकाच्या पदोन्नतीच्या गुणांकनात आणले. २०१८ मध्ये ती पद्धत बदलली, पण नोंदी ठेवण्याची सवय राहिली. नॅकच्या निमित्ताने प्रत्येक उपक्रमाचे स्थळ-वेळ दर्शविणारे छायाचित्र, हजेरीपत्रक आणि अहवाल जपून ठेवणे आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा, कला यांना श्रेयांक मिळाले. म्हणजे दीडशे वर्षांनंतर ‘इतर’ पुन्हा ‘अभ्यासा’त आले. १८५७ ने केलेली फाळणी मिटली, असे त्याचे स्वागत करता येईल.

स्वागत करताना हात थोडा आखडतो, याचे कारण वर आलेल्या इतिहासात आहे. १८४९ च्या सभासदाला जिन्यावरून ढकलले गेले असते, तर त्याला दोन श्रेयांक मिळणार नव्हते. तो गेला कारण त्याने निबंध ऐकला होता, त्याच्याशी सहमत झाला होता, आणि शिक्षकाने त्याला पुढे जाण्यास सांगितले होते. श्रेयांकाने उपस्थिती वाढते, हे आपण सर्वच पाहत आहोत. दुर्बल आर्थिक स्थितीतील विद्यार्थ्यालाही आता या कामाचे काही मोल पदरात पडते, हा लाभ कमी नाही. सभेचे बिनपगारी स्वयंसेवक बहुधा खात्यापित्या घरचे होते, हे विसरून चालणार नाही. पण सभा कोणी बोलवायची, विषय कोणी ठरवायचा, आणि निबंधानंतर काय करायचे हे कोणी म्हणायचे, हे अधिकार श्रेयांकाबरोबर विद्यार्थ्याकडे गेलेले नाहीत. ते आपल्याकडे, म्हणजे समन्वयक, कार्यक्रम अधिकारी व मंडळप्रमुख यांच्याकडे आहेत. प्रस्तुत लेखकाने स्वतः वाङ्मय मंडळाचे उद्घाटन विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी कळवून केलेले आहे. पाहुणे ठरले होते, फलक छापून आला होता, श्रोते तेवढे हवे होते.

गेल्या वर्षी सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर महाविद्यालयापासून दूरच्या गावी झाले. शिबिराचा अहवाल वेळेत सादर झाला. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी द्वितीय वर्षाच्या तीन विद्यार्थिनी विभागात आल्या. महाविद्यालयाच्या मागच्या वस्तीत, जेथे त्यांतली एक राहते, तेथील काही मुलांना त्या रविवारी सकाळी वाचायला शिकवत होत्या. शिबिराशी त्याचा संबंध नव्हता आणि कोणी तसे सुचवलेही नव्हते. त्यांना महाविद्यालयातला एखादा जुना फळा हवा होता, आणि तो मागायला अर्ज लिहावा लागेल का, एवढेच विचारायचे होते. श्रेयांकाविषयी त्यांनी विचारले नाही; ते विचारण्याचे काम प्रस्तुत लेखकानेच केले, आणि नियम पाहता या कामाला ते मिळण्याची सोय नसल्याचे आढळले. फळा दिला. तो वस्तीत नेताना त्याचा एक कोपरा तुटला असे त्यांनी दुसऱ्या सोमवारी येऊन सांगितले आणि खडू मागून नेले. वर्ग चालू आहे. वार्षिक अहवालात त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे अजून ठरलेले नाही.